वेळेच्या यादीवरून पदक सांगू नका: स्टीपलचेसच्या प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील स्टीपलचेसचे प्रशिक्षक आणि जिल्हा व राज्य पातळीवर निवड चाचण्या घेणारे सर्व सहकारी

विषय: अमेरिकन स्टीपलचेसपटूंची तुलना आणि आपल्या नोंदवहीतले तीन नवे रकाने

सप्रेम नमस्कार,

१५ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी झाली. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर ९:२२.७४ वेळेत दहावी आली. तिच्या पाठोपाठ अकरावी आली अमेरिकेची कोर्टनी फ्रेरिक्स, ९:२२.८७ वेळेत. कागदावर दोघी शेजारी शेजारी. पुढच्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत फ्रेरिक्सने ९:०३.७७ वेळेत रौप्य घेतले, आणि २०२१ मध्ये टोकियोत ऑलिंपिकचे रौप्यही.

दुसरा प्रसंग ७ ऑगस्ट २०२४ चा, पॅरिसचा. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे महिन्याभरापूर्वीच ८:०९.९१ धावून अंतिम फेरीला उभा होता. त्याच रांगेतल्या अमेरिकेच्या केनेथ रुक्सची तोवरची सर्वोत्तम वेळ त्याच्याहून सुमारे पाच सेकंदांनी संथ होती. शर्यत संपली तेव्हा रुक्स ८:०६.४१ वेळेत दुसरा होता आणि अविनाश ८:१४.१८ वेळेत अकरावा.

लंडन २०१७ आणि पॅरिस २०२४ या दोन्ही शर्यतींच्या आदल्या दिवशी कोणी वेळेची यादी समोर ठेवून अंदाज मांडला असता, तर तो साफ चुकला असता. तरीही आपल्याकडे स्टीपलचेसची चर्चा यादीवरच चालते. कोणाचा पीबी, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ, किती, कोण कोणाच्या पुढे, संपले. अमेरिकन स्पर्धकांबद्दल बोलतानाही तेच होते: पुरुषांत एव्हन जेगर आठ मिनिटांच्या उंबरठ्यावर गेला म्हणून तो मोठा, फ्रेरिक्स नऊ मिनिटांच्या आत गेली म्हणून ती मोठी. ही सवय सोडावी अशी आमची विनंती आहे. या अमेरिकन जोड्यांकडे नीट पाहिले की ती का सोडावी हे कळते.

आधी एमा कोबर्न आणि कोर्टनी फ्रेरिक्स. यादी सांगते की फ्रेरिक्स वरचढ. २१ ऑगस्ट २०२१ रोजी युजीनला तिने ८:५७.७७ वेळ दिली. नऊ मिनिटांच्या आत धावलेली ती पहिली अमेरिकन महिला. कोबर्नची सर्वोत्तम वेळ ९:०२.३५, दोहाच्या २०१९ च्या जागतिक स्पर्धेतली. म्हणजे साडेचार सेकंदांचा फरक. पण कोबर्नच्या नावावर रिओचे कांस्य, लंडनचे जागतिक सुवर्ण, दोहाचे रौप्य आणि दहा राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. २०१४ ते २०२२ या काळात अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा तेव्हा तीच जिंकली.

हा फरक कुठून आला ते लंडनच्या २०१७ च्या शर्यतीत दिसते. त्या शर्यतीचे चित्रीकरण आपल्या प्रत्येक मुलीला दाखवावे, आणि शेवटचा वॉटर जंप (पाण्याच्या खड्ड्यालगतचा अडथळा) तर थांबवून थांबवून दाखवावा. तिथवर पुढे केनियन आणि केनियात जन्मलेल्या धावपटू होत्या. शेवटच्या पाण्यावर येताना त्यांची पावले लहान झाली. थकलेल्या पायांनी अडथळा जवळ आला की असे होतेच. कोबर्नने मात्र आतल्या बाजूने वेग वाढवत अडथळा घेतला, आणि पाण्यातून बाहेर पडली ती पुढे निघून. ९:०२.५८ हा तेव्हाचा स्पर्धा विक्रम झाला. तिच्या मागे फ्रेरिक्स. तिने त्या दिवशी स्वतःची वेळ तब्बल पंधरा सेकंदांनी सुधारली.

फ्रेरिक्सची घडण वेगळी. ती लहानपणी जिम्नॅस्टिक्स करायची. अडथळ्यावर तोल सांभाळण्याची तिची सहजता तिथून आलेली आहे, आणि ५००० मीटर पंधरा मिनिटांच्या आत धावण्याची ताकदही तिच्याकडे होती. शेवटच्या दोनशे मीटरमधला झपाटा मात्र कोबर्नइतका नव्हता. म्हणून टोकियोत तिने शेवटच्या फेरीच्या घंटेची वाट पाहिली नाही. काही फेऱ्या बाकी असतानाच पुढे जाऊन तिने गती चढवली. गट फुटला, आणि तिला मागे टाकू शकली ती एकटी पेरुथ चेमुताई, ९:०१.४५ वेळेत. फ्रेरिक्स ९:०४.७९ वेळेत दुसरी, हायविन कियेंग तिसरी. त्याच शर्यतीत कोबर्न पडली आणि ट्रॅकच्या आत पाऊल गेल्यामुळे बाद ठरली.

आता सांगा, या दोघींत श्रेष्ठ कोण? आमचे मत असे: गती संथ असेल आणि शेवटच्या फेरीवर निकाल लागणार असेल तर कोबर्न, शर्यत पहिल्यापासून तापली असेल तर फ्रेरिक्स. ‘श्रेष्ठ’ हा शब्द शर्यत कशी धावली जाते त्यावर अवलंबून असतो. एका आकड्यात तो मावत नाही. आपल्या शिबिरातल्या दोन मुलींची तुलना करताना हाच प्रश्न विचारावा.

पुरुषांकडे एव्हन जेगर आणि केनेथ रुक्स. या दोघांत दहा वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे ते तसे आमनेसामनेचे प्रतिस्पर्धी नव्हेत. पण अमेरिकेत रुक्सचे मोजमाप जेगरच्या पट्टीनेच होते, आणि ते स्वाभाविक आहे. अमेरिकन पुरुषांना ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिक सुवर्ण एकदाच मिळाले आहे, १९५२ मध्ये हेलसिंकीत, हॉरेस अ‍ॅशनफेल्टरला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ब्रायन डीमरने कांस्य घेतल्यावर थेट २०१६ पर्यंत ऑलिंपिक पदक नाही. ती ओढ जेगरने संपवली.

जेगर स्टीपलचेसमध्ये आला २०१२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्याच उन्हाळ्यात मोनाकोत ८:०६.८१ धावून त्याने अमेरिकन विक्रम मोडला. हे शक्य झाले कारण त्याच्याकडे सपाट ट्रॅकची गती आधीपासून होती. पुढे तो १५०० मीटर ३:३३ च्या आत आणि ५००० मीटर १३:०२ मध्ये धावला. असा धावपटू अडथळ्यांवर आणताना शिकवायचे असते ते फक्त अडथळे, इंजिन तयार असते. आपल्याकडे उलटे होते. १५०० मध्ये मागे पडलेल्या मुलाला ‘स्टीपलचेस करून बघ’ म्हणतात. त्या मुलाकडे गतीही नसते आणि अडथळाही नसतो.

४ जुलै २०१५, पॅरिस. जेगर आघाडीवर, घड्याळ आठ मिनिटांच्या आतली वेळ दाखवणार हे जवळपास नक्की, आणि समोर शेवटचा अडथळा. पाय अडकला आणि तो पडला. उठला, धावला, ८:००.४५. केनियाचा जेरस बिरेच पुढे निघून गेला. जेगरची ८:००.४५ ही वेळ आजही अमेरिकन विक्रम आहे. आजवर एकाही अमेरिकन पुरुषाने आठ मिनिटांची भिंत ओलांडलेली नाही, आणि जो तिच्या सर्वांत जवळ गेला तो शेवटच्या अडथळ्यावर पडला.

ही चूक का होते, ते नीट समजून घ्यायला हवे. शेवटच्या शंभर मीटरमध्ये धावपटू वेग वाढवतो, त्यामुळे पाऊल लांबते. पण थकव्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू गुडघा पुरेसा वर आणत नाही. पाऊल लांब आणि गुडघा खाली, असे झाले की टेकऑफ, म्हणजे उडी घेण्याची जागा, अडथळ्याच्या फार जवळ पडतो किंवा फार लांब. अडथळा पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर उंच, महिलांसाठी ७६.२. वरची फळी १२.७ सेंटिमीटरची, चौकोनी आणि घट्ट. साध्या हर्डलसारखा तो आडवा पडत नाही. पाय लागला की माणूसच पडतो. म्हणून शेवटचा अडथळा थकलेल्या पायांनी सरावात घ्यायला हवा. ताज्या पायांनी घेतलेले पन्नास अडथळे इथे कामाला येत नाहीत.

रिओत जेगरने शर्यतीच्या उत्तरार्धात पुढाकार घेतला आणि ८:०४.२८ वेळेत रौप्य मिळवले. कॉन्सेस्लस किप्रुटो एका सेकंदाने पुढे होता. २०१७ मध्ये लंडनला कांस्य, २०१८ मध्ये मोनाकोत ८:०१.०२, आणि मग दुखापतींची वर्षे. २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत तेहतिसाव्या वर्षी तो परत सहावा आला. ही त्याची कामगिरी आम्हाला त्याच्या विक्रमाइतकीच मोठी वाटते.

रुक्स जेगरच्या विक्रमापासून अजून सहा सेकंद मागे आहे, पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी यादीत दिसत नाही. २०२३ च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत तो शर्यतीच्या मध्यावर येण्याआधीच अडथळ्याला अडकून पडला आणि सर्वांच्या मागे गेला. उठल्यावर त्याने लगेच धाव ठोकून गट गाठला नाही. एकेक फेरी करत वर सरकला आणि ८:१६.७८ वेळेत जिंकला. पडल्यावर जो पोरगा पुढच्या शंभर मीटरमध्ये सगळे अंतर भरून काढायला जातो, तो शेवटच्या फेरीत रिकामा होतो. ही शिस्त शिकवता येते, आणि ती शिकवावी.

पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत घंटा वाजायच्या सुमारास रुक्स मागून आला आणि थेट सर्वांच्या पुढे गेला. सुफियान एल बक्कालीने त्याला गाठले, ८:०६.०५. तिसऱ्या आलेल्या अब्राहम किबिवोटची वेळ ८:०६.४७. म्हणजे रुक्सचे रौप्य सहा शतांश सेकंदांनी वाचले. त्याच शेवटच्या फेरीत विश्वविक्रमवीर लमेचा गिर्मा अडथळ्याला अडकून जोरात कोसळला. यादीत तो सर्वांत वर होता.

सहा शतांश सेकंद. पस्तीस अडथळ्यांवर भागले तर एकेकावर दोन सहस्रांशांहूनही कमी. या आकड्यावरच पुढचे सगळे सांगायचे आहे.

३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ कोरडे अडथळे आणि ७ वॉटर जंप असतात. सुरुवातीपासून अंतिम रेषा पहिल्यांदा ओलांडेपर्यंत अडथळा नसतो. त्यानंतर सात फेऱ्या, दर फेरीत पाच, आणि त्यांतला चौथा पाण्याचा. पाण्याचा खड्डा ट्रॅकच्या आतल्या बाजूला असेल तर फेरी ४०० मीटरपेक्षा लहान पडते, बाहेरच्या बाजूला असेल तर मोठी. म्हणून दोन वेगळ्या मैदानांवरच्या फेऱ्यांच्या वेळा एकमेकींशी ताडून पाहू नका. परदेशी शर्यतींचे ‘लॅप’ पाहून आपल्या मुलांना तेच लॅप देणारे अनेक जण इथेच चुकतात. किलोमीटरच्या वेळा घ्या. रुक्सचे रौप्य म्हणजे दर किलोमीटरला सरासरी २:४२. फ्रेरिक्सचा विक्रम म्हणजे २:५९ च्या किंचित वर. ९:४० धावणारी मुलगी ३:१३ च्या आसपास असते.

आता वॉटर जंप कसा मोजायचा ते. अडथळ्याच्या १२ मीटर आधी एक शंकू ठेवा, ८ मीटर नंतर दुसरा. बरोबर वीस मीटर. मोबाइल अडथळ्याच्या रेषेत, काटकोनात, पंधरा-वीस मीटर दूर तिवईवर लावा आणि ६० फ्रेमवर चित्रीकरण करा. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. हाताच्या घड्याळाने एवढे बारीक काही पकडता येत नाही. छाती पहिल्या शंकूपासून दुसऱ्या शंकूपर्यंत यायला किती फ्रेम लागल्या ते मोजा. मग त्याच मुलाचे त्याच गतीने सपाटावरचे वीस मीटर मोजा. ८:०६ च्या सरासरीने वीस मीटरला ३.२४ सेकंद लागतात, नऊ मिनिटांच्या गतीने ३.६०, आणि ९:४० च्या गतीने ३.८७. दोन वेळांतला फरक हा त्या वॉटर जंपचा तोटा. त्याला सातने गुणा. एका वेळेला ०.८ सेकंद जात असतील तर शर्यतीत ५.६ सेकंद पाण्यात गेले. हा तोटा अर्ध्यावर आणायला फुप्फुसे वाढवावी लागत नाहीत.

मोजणी दोनदा करा: एकदा ताज्या पायांनी, एकदा २००० मीटर शर्यतीच्या गतीने धावून झाल्यावर लगेच. दुसऱ्या मोजणीत तोटा किती वाढला, तो आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. कोबर्न लंडनमध्ये जिंकली ती या दुसऱ्या आकड्यावर.

तोटा होतो कुठे? बहुतेक वेळा अडथळ्याच्या आधीच. शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये वेग किंचित वाढवायचा असतो. नवशिका तिथेच घाबरून पावले तोडतो, दोन-तीन छोटी पावले टाकतो आणि फळीवर जवळजवळ थांबलेला पोहोचतो. फळीवर पायाचा मधला भाग, कमानीच्या थोडा पुढचा, फळीच्या अलीकडच्या कडेवर यायला हवा, म्हणजे शरीर पुढे जाताना पाऊल फळीवरून गुंडाळल्यासारखे फिरते आणि स्पाइक्स पलीकडच्या कडेला पकड घेतात. फळीवर उभे राहू नये. गुडघा चांगला वाकलेला, डोके खाली, आणि ढकलायचे ते पुढे. गुडघा ताठ करून वर ढकलले की उडी उंच होते, खाली येताना आदळते, आणि वेग तिथेच संपतो. ढकलताना नजर पाण्यावर नको, पाण्यापलीकडच्या ट्रॅकवर हवी. नजर खाली गेली की छाती खाली जाते.

खड्डा अडथळ्यासकट ३.६६ मीटर लांब असतो. अडथळ्याजवळ सर्वांत खोल, आणि पुढे उतार चढत चढत ट्रॅकला मिळतो. एक पाय खड्ड्याच्या शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये, उथळ पाण्यात पडावा आणि पुढचे पाऊल कोरड्यावर. पूर्ण खड्डा ओलांडायचा हट्ट करू नये. त्यासाठी फळीवर जी ताकद खर्च होते ती परत मिळत नाही आणि उतरताना पाय पुढे जाऊन ब्रेक लागतो. दोन्ही पाय पाण्यात पडणे ही उलट बाजूची चूक: आखूड उडी, खोल पाणी, जड बूट, आणि बाहेर निघायला एक जास्तीचे पाऊल.

बऱ्याच तालुक्यांच्या मैदानांवर पाण्याचा खड्डाच नाही. तिथे लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यापाशी ७६ सेंटिमीटर उंचीची पक्की लाकडी फळी रोवा. वाळू ओली आणि दाबलेली ठेवा, आणि ३.६६ मीटरवर दोरी टाका. फळी हलता कामा नये. हलणाऱ्या फळीवर शिकलेला मुलगा खऱ्या फळीवर विश्वास ठेवत नाही. आठवड्यातून एकच दिवस, बारा ते सोळा उड्या, त्यांतल्या निम्म्या डाव्या पायाने फळीवर जाऊन आणि निम्म्या उजव्या पायाने. गर्दीत कोणता पाय येईल याची हमी नसते, म्हणून दोन्ही पाय तयार हवेत. शेवटच्या चार उड्या चार-पाच जणांना एकत्र सोडून घ्या. समोरच्याची पाठ दिसत असताना अडथळा दिसत नाही, आणि शर्यतीत बहुतेक वेळ तसेच असते. अर्धा लेन बाहेर सरकून फळी पाहायची सवय तिथेच लागते.

नियमांबद्दल थोडक्यात. २०१७ च्या लंडनच्या त्याच शर्यतीत बिअट्रिस चेपकोएच पहिल्या वॉटर जंपकडे वळायचे विसरून सरळ पुढे धावली, परत आली, नंतर एकदा पडली आणि तरी चौथी आली. रिओत इझेकिएल केम्बोईचे कांस्य एका पावलाने गेले: ट्रॅकच्या आतल्या रेषेबाहेर पाऊल पडले म्हणून. टोकियोतल्या कोबर्नचे आधी सांगितलेच. नव्या मैदानावर शर्यतीच्या आदल्या दिवशी मुलांना वॉटर जंपचे वळण चालत दाखवा.

आता गुडघे. हा भाग लिहिताना हात जड होतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्हॅल कॉन्स्टिनचा एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध फाटला. २०२४ च्या हंगामात फ्रेरिक्सचा फाटला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनमधल्या डायमंड लीगमध्ये कोबर्नच्या घोट्याला वॉटर जंपवर गंभीर दुखापत झाली. जुलै २०२५ मध्ये मोनाकोत आपला अविनाश वॉटर जंपवर पडला आणि त्याचाही एसीएल गेला. पॅरिसच्या निवड चाचणीत अमेरिकेच्या दोन सर्वांत मोठ्या धावपटू उभ्याच नव्हत्या. त्या दोघींचे पीबी यादीत तसेच वर होते.

एका पायावर, ओल्या उतारावर, पुढे जाण्याच्या वेगात शरीराचा भार पडतो. त्या क्षणी गुडघा आत वळला किंवा पाऊल अडकून वरचे शरीर फिरले की अस्थिबंधावर पीळ बसतो. थकलेले नितंबाचे स्नायू गुडघा सरळ धरू शकत नाहीत. याची तयारी घरच्या पायरीवरही होते. ३० सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायावर खाली उतरायचे, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून दोन सेकंद थांबायचे, प्रत्येक पायाला सहा वेळा, तीन संच. समोरून चित्रीकरण करा. गुडघा आत जाताना दिसला तर उंची वाढवू नका, पाण्यावर तर नेऊच नका. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघे टेकून, घोटे कोणीतरी धरून, हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम, पाच वेळा, तीन संच, आठवड्यातून दोनदा. हे हंगामाआधी आठ आठवडे करायचे असते. हंगामाच्या मध्यात सुरू केले तर नुसता थकवा वाढतो.

दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवट नव्हे, हेही कॉन्स्टिननेच दाखवले. टोकियोत ती नोकरी सांभाळून धावली होती आणि अंतिम फेरीत बारावी आली होती. शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात परतून तिने २०२४ ची निवड चाचणी ९:०३.२२ वेळेत जिंकली. दुसरी कोर्टनी वेमेंट, ९:०६.५०.

पुढे काय? लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक २०२८ मध्ये आहे आणि अमेरिकन स्टीपलचेसची दोन घरे ठळक आहेत. एक कोलोरॅडोतले बोल्डर, जिथे कोबर्न आणि कॉन्स्टिन एकाच विद्यापीठात घडल्या. दुसरे युटातले प्रोव्हो. तिथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून रुक्स, जेम्स कॉरिगन, वेमेंट आणि लेक्सी हॅलाडे-लोरी आले. पुरुषांचे प्रशिक्षक एड आयस्टोन, महिलांच्या दिलजीत टेलर. दोन्ही ठिकाणे उंचावर आहेत. पण नुसती उंची असती तर हे सगळीकडे घडले असते. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत शालेय पातळीवर स्टीपलचेस होतच नाही, मुले थेट महाविद्यालयात अडथळा पाहतात. प्रोव्होचे बळ हे की तिथे दर वर्षी नवा मुलगा येतो तेव्हा त्याच्यापुढे धावणारा तयार स्टीपलचेसपटू असतो.

कॉरिगनचे उदाहरण निवड चाचण्या घेणाऱ्यांसाठी खास. २०२४ च्या चाचणीत तो तिसरा आला, पण ऑलिंपिकची पात्रता वेळ ८:१५.०० त्याच्याकडे नव्हती. मुदत संपत आलेली असताना, २९ जून रोजी, फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर त्याच्यासाठी पेसर (पुढे धावून गती धरून देणारा धावपटू) लावून शर्यत झाली आणि तो ८:१३.८७ धावला. चाचणीतला क्रमांक आणि वेळ या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. चाचणीनंतर वेगाने धावता येईल अशी एक शर्यत आठवड्याभरात ठेवली, तर आपल्याकडचीही काही मुले वाचतील.

आमचा अंदाज सांगतो, चुकला तर आम्हाला धरा. पुरुषांत २०२८ ला रुक्स अठ्ठावीस वर्षांचा असेल आणि अमेरिकेचे पदक आले तर त्याच्याकडूनच येण्याची शक्यता जास्त. जेगरचा ८:००.४५ तो मोडेल की नाही हे त्याला किती वेगवान पेसरच्या शर्यती मिळतात यावर ठरेल. पदकासाठी तो विक्रम मोडायची गरजही नाही. २०२५ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत सुवर्णाची वेळ ८:३३.८८ होती. ती जिंकणारा न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश मुळात १५०० चा धावपटू, बोल्डरलाच सराव करणारा, आणि त्याने एल बक्कालीला अगदी शेवटच्या पावलांवर गाठले. अशा शर्यतीत शेवटच्या तीनशे मीटरचे अडथळे कोण स्वच्छ घेतो एवढेच उरते.

महिलांत चित्र कठीण आहे. पॅरिसला सुवर्ण ८:५२.७६ ला गेले आणि कांस्यसुद्धा ८:५५.१५ ला. फ्रेरिक्सचा अमेरिकन विक्रमही तिथे चौथा ठरला असता. हॅलाडे-लोरीकडे आम्ही आशेने पाहतो. जून २०२५ मध्ये महाविद्यालयीन अंतिम शर्यतीत तिने ९:०८.६८ वेळ दिली. अलाबामाकडून धावणारी केनियाची डॉरिस लेमन्गोले ८:५८.१५ वेळेत पुढे होती. अशा मुलीच्या मागे दर हंगामात धावायला मिळणे हेच अमेरिकन मुलींचे शिक्षण. नऊ मिनिटांच्या आत गेलेली दुसरी अमेरिकन महिला २०२८ आधी दिसेल असे आम्हाला वाटते. पदक मात्र पॅरिसची सुवर्णविजेती विनफ्रेड यावी आणि कांस्यविजेती फेथ चेरोटिच यांच्या पिढीपुढे कठीण.

तर विनंती एवढीच. पुढच्या जिल्हा चाचणीपासून निकालपत्रकात वेळेशेजारी तीन रकाने वाढवा. पहिल्यात शेवटच्या १००० मीटरची वेळ. दुसऱ्यात वॉटर जंपचा तोटा, पहिल्या पाण्यावरचा आणि सातव्या पाण्यावरचा. तिसऱ्यात एका पायावर उतरताना डावा आणि उजवा गुडघा सरळ राहतो की आत जातो. यासाठी लागतात दोन शंकू, एक तिवई, एक मोबाइल आणि पंधरा मिनिटे थांबायला तयार असलेला एक माणूस. शिबिरासाठी मुले निवडताना हे तीन रकाने आधी वाचा आणि मग वेळ. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की त्या एकमेकांना दाखवू. कोणाच्या मैदानावर फळी कशी रोवायची किंवा चित्रीकरणातल्या फ्रेम कशा मोजायच्या हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर आम्ही यायला तयार आहोत. फळी मात्र आधी घट्ट रोवून ठेवा.

आपले,
स्टीपलचेस शिकवणारे काही सहकारी